खाडाखोडीचा कागद

आधीच सांगून टाकतो, यात माझी बाजू वगैरे काही नाही. मी लबाडी केली, एका भल्या बाईच्या बाबतीत केली, आणि ती पचली. पचली म्हणूनच जास्त खुपते.

आमच्या कोल्हापुरात सिनेमे बघणाऱ्यांचं एक मंडळ आहे. पेठेतल्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी आम्ही जमतो. निवृत्त मास्तर, एक डॉक्टर, एक गुऱ्हाळवाला, कॉलेजची पाच-सहा पोरं-पोरी, आणि सचिव मी. बँकेतून रिटायर झाल्यावर घरात बसून बायकोच्या कामात नाक खुपसत होतो, तेव्हा तिनंच मला इकडं पिटाळलं.

वर्षातून एकदा आमच्या मंडळाच्या अंगात येतं. परदेशातल्या त्या सोनेरी बाहुलीच्या बक्षिसासाठी दहा सिनेमांची नावं जाहीर झाली, की प्रत्येकानं ते दहाही बघायचे, कागदावर एक ते दहा असा क्रम लावायचा, खाली सही करायची आणि कागद माझ्याकडं द्यायचा. पहिल्याला दहा गुण, दहाव्याला एक. बेरीज मी करायची. मग मंडळाचा क्रम एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीत माझ्या लेखातून छापून यायचा. त्या पंधरवड्यात आमच्यात फुटबॉलच्या मॅचला पडावेत तसे तट पडतात. मिसळ खाता खाता माणसं एकमेकांची अक्कल काढतात आणि वर मिसळीचा कट, म्हणजे तिखट रस्सा, मागवतात.

ती भली बाई म्हणजे ताई. त्या मंडळात आल्या त्या कुणाच्या ओळखीनं नाही. खाली पेपर वाचायला आल्या होत्या, वरचा आवाज ऐकून जिना चढल्या आणि दारात उभं राहून मला विचारलं, "पावणं, हितं पिच्चर दावत्यात व्हय?" शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत त्या तपासणीला होत्या. ओतून आलेला लोखंडी माल हातात घ्यायचा, हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचा, उजेडात फिरवून बघायचा आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं. वीस वर्षं हेच काम. माहेर गडहिंग्लजकडचं, शिक्षण दहावी, वय पन्नाशीच्या आसपास. रविवारची सुट्टी त्या आम्हाला द्यायच्या.

इंग्रजी त्यांना सावकाश वाचता यायचं. पडद्याखालची अक्षरं पळायला लागली की त्या मागं पडायच्या. मी एकदा म्हटलं, "ताई, कशाला एवढा त्रास?" तर म्हणाल्या, "त्रास कसला वो सर. पैल्यांदा नुसता बघतो. दुसऱ्यांदा मोबाइलवर थांबवून थांबवून वाचतो. दोनदा बघिटल्याबिगर मत कसं द्यायचं?" मी मान डोलावली. मी स्वतः कित्येक सिनेमे एकदाही धड बघत नव्हतो, हे त्यांना काय माहीत.

त्या वर्षीच्या दहांत एक युद्धाचा सिनेमा होता, मोठा, दणदणीत. मल्टिप्लेक्सला तीन दिवस लागला आणि आम्ही झाडून सगळे जाऊन आलो. दुसरा होता बर्फाचा. डोंगरातलं गाव, एक बाई, आणि बोलणं सोडून बसलेला तिचा नवरा. तो आम्ही हॉलमध्ये प्रोजेक्टरवर लावला. पंधरा मिनिटांत माझा डोळा लागला तो उजेड झाल्यावर उघडला. पण सचिवानं झोपलो असं कसं सांगायचं? मी म्हटलं, "संथ आहे जरा." आणि माझ्या कागदावर त्याला नववा नंबर टाकला. दहावा टाकला असता तर कुणी कारण विचारलं असतं.

पुरवणीची पानं छपाईसाठी शुक्रवारी लागायची आणि कागद शनिवारी दुपारपर्यंत यायचे. म्हणजे लेख आधी आणि मोजणी नंतर. दरवर्षी मी अंदाजानं लेख द्यायचो आणि पहिला नंबर दरवर्षी बरोबर यायचा, त्याची मला घमेंड होती. त्या शुक्रवारीही मी युद्धाच्या सिनेमावर हात सैल सोडून लिहिलं. कोल्हापूरकरांनी एकमुखानं कौल दिला, असंही ठोकून दिलं. कौल अजून खिशातसुद्धा आला नव्हता.

शनिवारी जेवण करून मोजायला बसलो. ताईंचा कागद शेवटचा निघाला. सगळ्यांनी नुसते आकडे टाकले होते, त्यांनी प्रत्येक सिनेमापुढं एकेक ओळ लिहिली होती. युद्धाच्या सिनेमाला सातवा नंबर आणि पुढं, "बाहेरनं फिनिशिंग झकास. आत पोकळी हाय." बर्फाच्या सिनेमाला पहिला. पुढं लिहिलं होतं, "ती बाई नवऱ्याला एकदाबी हाक मारत न्हाय, तरी सगळा वेळ त्येच्याशीच बोलत्या."

बेरीज केली. बर्फाचा सिनेमा पुढं गेला, थोडक्यात, पण गेला. पुन्हा केली. तेच. डॉक्टरांनी, मास्तरांनी, पोरापोरींनी गुपचूप त्याला वरचे नंबर दिले होते आणि ताईंच्या कागदानं तो पहिला आला होता.

आता पेपरला एक फोन करायचा होता. पान छापायला अजून अवकाश होता. पण फोन केला तर काय सांगणार, की मोजायच्या आधीच लिहिलं? मी ताईंचा कागद पुन्हा उचलला. चौथ्या आणि पाचव्या नंबरावर खाडाखोड होती. आधी लिहिलेलं खोडून त्यांनी दोन सिनेमांची अदलाबदल केली होती. बस, तेवढं मला पुरलं. खाडाखोड म्हणजे मत बाद, असं मी ठरवलं. असा नियम आमच्याकडं कधीच नव्हता. तो मी त्या दुपारी, पंख्याखाली बसून, एका कागदापुरता तयार केला. त्यांचे गुण वजा केले आणि युद्धाचा सिनेमा पहिला आला. मला हायसं वाटलं, हे लिहिताना आज हात जड होतोय.

रविवारी ताई पेपर घेऊनच आल्या. बैठक संपताना सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "सर, माझा कागद पोचला न्हवं?" त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. कागद कुठं हरवला असेल तर सापडावा, एवढंच होतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "पोचला ताई. पण खाडाखोड होती. नियमात बसत नाही, बाद करावा लागला."

 आमचे मास्तर, जे मंडळ निघाल्यापासून आहेत आणि ज्यांना असा नियम नाही हे पक्कं ठाऊक होतं, त्यांनीसुद्धा मान हलवली. सचिव म्हणतोय म्हणजे असेल. ताईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "व्हय," त्या म्हणाल्या, "खोडलं हुतं मी. चौथा दुसऱ्यांदा बघिटला तवा वाटलं, आपुन त्येच्यावर अन्याय केला. म्हणून बदललं." मग पेपरची घडी घालत म्हणाल्या, "चुकलंच माझं. तुमाला उगंच ताप झाला सर."

माझी माफी मागितली त्यांनी. आणि मी, लाज कोळून प्यायलेला माणूस, म्हणालो, "असू दे ताई, पुढच्या वेळी लक्षात ठेवा."

घरी बायकोला मी हे गंमत म्हणून सांगायला गेलो. ती भाकरी थापत होती. तिनं एवढंच विचारलं, "मग त्यो बर्फाचा पिच्चर कसा हाय?" मी म्हणालो, "मी बघितला नाही." तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडं बघितलंच नाही. मी उठून बाहेरच्या खोलीत गेलो.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी तो सिनेमा एकट्यानं बघितला, अक्षरं थांबवून, वाचून. ताईंनी लिहिलं होतं ते शब्द न् शब्द खरं होतं. ती बाई चूल पेटवते, छपरावरचा बर्फ ओढते, दोन ताटं मांडते, आणि एकदाही हाक मारत नाही. शेवटी मला रडू आलं. सिनेमामुळं किती आणि माझ्यामुळं किती, ते मला सांगता येणार नाही. ताईंना फोन लावायला मोबाइल हातात घेतला होता. नंबरही काढला. मग म्हटलं, रविवारी समोरासमोर सांगू. तो रविवार गेला, आणि पुढचेही गेले. ताई यायच्या, मागच्या रांगेत बसायच्या, आणि सिनेमा संपल्यावर पूर्वीसारखं बोलायच्या नाहीत. मी त्यांना कामाचा शीण असेल अशी स्वतःची समजूत घालत राहिलो.

वर्ष फिरलं. पुन्हा दहा नावं आली, पुन्हा मिसळीच्या टेबलावर आवाज चढले. कागद द्यायच्या आदल्या रविवारी ताई हॉलमध्ये लवकर आल्या. आम्ही दोघंच होतो. त्या माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या, पिशवीतून कोरा कागद काढला, पेन काढलं.

"सर, औंदा तुमीच सांगा क्रम," त्या म्हणाल्या. "म्हंजी खोडायला नको. मी आपलं सरळ लिवतो."

मला वाटतं, देवानं याहून मोकळी वेळ मला दिली नसती. कुणी ऐकायला नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं, ताई, तुमचा कागद बरोबर होता. ते वाक्य माझ्या तोंडात आलं होतं.

"दहाही बघितलेत ना?" मी विचारलं.

"न्हाय सर. दोनच बघिटलो." त्या पेनाचं टोपण काढत होत्या. "म्हटलं, तुमी सांगणारच हाय, तर कशाला. चालंल न्हवं?"

"चालंल," मी म्हणालो, आणि त्यांना पहिला नंबर सांगितला.