कललेल्या गलबताचे तांडेल

गलबतावर चढण्याआधी ते मधल्या बोटाच्या पेरानं फळीवर तीनदा टकटक करायचे. दारावर करावी तशी. मग क्षणभर थांबायचे, आतून कुणी 'या' म्हणणार असल्यासारखे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरलं नाही. ते त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

"हसतास कित्याक, कारकुनानू?" ते म्हणाले. "घरच्या बाईक इचारल्याशिवाय भितुर जाव नये."

मी तेव्हा मालवणातल्या एका व्यापाऱ्याकडे कारकून होतो. वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं असा पक्का समज. ते त्या व्यापाऱ्याच्या गलबताचे तांडेल. वाट कोणती धरायची, नांगर कुठे टाकायचा, वाऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवणारे तेच. हाताखाली सात खलाशी. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांचे नातू आता मोठ्या हुद्द्यांवर आहेत. आजोबा छापून आलेले त्यांना आवडतील की नाही, कोण जाणे.

माणूस बुटका, रुंद, पायांत बाक. पाण्यावर मांजरासारखे फिरणारे हे गृहस्थ जमिनीवर आले की बदकासारखे चालत. कुणी चिडवलं तर म्हणत, "ही जमीन मेली हालत नाय. चलूचा कसा?"

घाई हा शब्द त्यांना शिवीसारखा लागे. "घाय कित्याक? दर्यो खंय पळान जाता?" हे दिवसातून दहा वेळा. एकदा बंदरावरच्या साहेबानं कागदांसाठी त्यांच्यावर आरडाओरडा केला. साहेबापुढे तांडेल शुद्ध मराठी बोलत. ते हात जोडून म्हणाले, "साहेब, समुद्र काही पळून जात नाही." साहेबाला हा उपदेश वाटला आणि कागद आणखी चार दिवस लांबले. तांडेलांनी ते चार दिवस धक्क्यावर मजेत झोपून काढले.

पंचावन्न-छप्पनच्या सुमाराची गोष्ट. मंगलोरी कौलं आणि काथ्या घेऊन गलबत अरबस्तानच्या किनाऱ्याला, सूर बंदराला निघालं आणि शेठनी मालाबरोबर मला धाडलं. मला परदेश बघायची हौस होती. ती किती भागली ते सांगतोच.

निम्म्या वाटेवर गलबताच्या बुडाशी काहीतरी घासल्याचा आवाज झाला. फार मोठा नाही, पाटावरून पितळी तांब्या ओढावा एवढा. तांडेल खाली उतरले, फळीला कान लावून बराच वेळ बसले आणि वर येऊन काहीच बोलले नाहीत. बडबडा माणूस गप्प झाला की समजावं. त्या दिवसापासून पाणी उपसायच्या पाळ्या दोनाच्या चार झाल्या.

सूरला माल उतरवला आणि भरतीच्या पाण्यावर गलबत खाडीत आत ओढून घेतलं. ओहोटी लागली तसं ते वाळूवर बसलं आणि हळूहळू एका कुशीवर कललं. तेव्हा बुडाच्या फळ्या दिसल्या. घासलेली फळी एकच होती. पण तिच्या शेजारच्या चार फळ्या किड्यानं आतून मधाच्या पोळ्यासारख्या पोखरलेल्या. वरून रंग शाबूत. तांडेलांनी अंगठा दाबला तर अंगठा आत गेला.

"ह्या आमी पायाखाली घेवन इलो," ते एवढंच म्हणाले. खलाशांपैकी एकानं कानाला हात लावला.

सागवान तिथे मिळेना. ते मलबारातून गलबतानं येई, आणि ते गलबत कधी येणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तोवर मुक्काम कललेल्या गलबतावरच. परमुलखात नऊ माणसांना ठेवून घेणार कोण?

तुम्ही कललेल्या घरात राहिला आहात का? भात पातेल्यात एका बाजूला कच्चा आणि दुसऱ्या बाजूला करपलेला. झोपेत माणूस घरंगळून शेजाऱ्याच्या अंगावर जायचा. भरती आली की घर सरळ होई, ओहोटी लागली की पुन्हा कलंडे. चार दिवस मजा वाटली, मग प्रत्येकाची मान एका बाजूला वाकडी झाली. बंदरावरचा एक म्हातारा अरब सुतार रोज यायचा. तो अरबीत बोले, तांडेल मालवणीत. दोघंही हातवारे करून तासतास भांडत आणि शेवटी एकाच निर्णयावर येत. दोघांची भाषा लाकूड हीच होती, मधले शब्द नुसते तोंडाला व्यायाम म्हणून.

एक गोष्ट मात्र कुणाला आवडत नव्हती. आमच्यापासून पन्नास पावलांवर एका जुन्या गलबताचा सांगाडा वाळूत रुतला होता. फासळ्या तेवढ्या वर. कुणाचं, कुठलं, त्यातली माणसं घरी गेली की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. खलाशी तिकडे पाठ करून जेवत. तांडेल मात्र सकाळी त्या सांगाड्याला नमस्कार करत.

"ती पण कोणाची तरी होती," ते म्हणत.

अशात मला ताप आला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. पहिले तीन दिवस मी उन्हाला दोष दिला. मग पोट गेलं, जीभ काळी पडली, आणि मी घरच्या माणसांशी बोलायला लागलो, असं मला पुढे सांगण्यात आलं. कललेल्या फळ्यांवरून घसरू नये म्हणून माझ्या एका बाजूला काथ्याचं पोतं लावलं होतं. दुसऱ्या बाजूला तांडेल बसत. गावातल्या एका कच्छी व्यापाऱ्यानं वाळवलेली काळी लिंबं पाठवली आणि सांगितलं, डॉक्टर मस्कतला आहे. तिकडे जाणारं गलबत आठवड्यानं निघेल. पण आठवडा काढण्याची माझ्यात ताकद उरली नव्हती.

त्यांनी माझं काय काय केलं ते लिहायला मला आजही संकोच वाटतो. माझे कपडे धुतले. माझी घाण काढली. लिंबाचं पाणी माझ्या तोंडाला लावायचे आणि मी दोन घोट घेऊन मान फिरवली की उरलेलं स्वतः पिऊन टाकायचे, कारण गोडं पाणी विकत आणावं लागे आणि टाकायचं कसं? तोवर मला 'तुमी' म्हणणारा माणूस 'तू' आणि 'झिला', म्हणजे पोरा, म्हणायला लागला होता. "झिला, पी. आवशीची आण आसा तुका." आवस म्हणजे आई.

अकराव्या दिवशी दुपारी त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे काय ते मालवणी माणसाला सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. एकानं उभं राहून देवापुढे संकट मोठ्यानं बोलायचं आणि प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. सगळ्यांचा होकार पडला की मागणं देवाकडे पोचलं. आम्ही हे पाळण्यात असल्यापासून ऐकतो. जत्रेत, लग्नात, नव्या विहिरीवर. मन कुठेही असो, गाऱ्हाण्याचा सूर खाली आला की तोंड आपोआप उघडतं.

तांडेलांनी नारळ हातात घेतला. खलाशी कललेल्या फळ्यांवर पाय रोवून उभे राहिले.

"बा देवा कुणकेश्वरा म्हाराजा, ह्यो कारकून आज तुझ्या पायाकडे येवन पडलो आसा, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"घराकडे ह्येची आवस वाट बघता. ह्येच्यार काय इडापिडा आसात ती दूर कर, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि बदल्यात तुका कोण होयोच आसलो, तर ह्यो म्हातारो तुझ्याम्होरे उभो आसा. ह्येका सोड आणि माका घे, रे म्हाराजा."

कुणी बोललं नाही. कसं बोलणार? सात माणसं, सातांची घरं, आणि घरापर्यंत वाट काढणारा हा एक. सुकाणी, म्हणजे सुकाणू धरणारा खलाशी, त्यांच्याच वयाचा होता. तो पुढे होऊन त्यांचा हात धरायला गेला. होकार पडला नाही तर गाऱ्हाणं अधांतरी राहतं, आणि अधांतरी गाऱ्हाणं कुणालाच चांगलं नाही. पण तांडेल नारळ घेऊन होकाराची वाट बघत उभे राहिले.

आणि त्या शांततेत खालून, पोत्याशेजारून, माझा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

मला यातलं काहीच आठवत नाही. सुकाण्यानं सांगितलं म्हणून कळलं. शुद्ध नव्हती, अर्थ कळत नव्हता. लहानपणापासूनची सवय तेवढी शिल्लक होती, ती बोलली. तांडेल हसले म्हणे. "झाला," असं म्हणून त्यांनी नारळ फोडला.

तिसऱ्या दिवशी माझा ताप उतरायला लागला.

मी उठून बसेपर्यंत मलबारचं गलबत येऊन गेलं होतं. नव्या फळ्या बसल्या, सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकून झाला, बुडाला चुना आणि चरबी लागली. चांगलं चाललं होतं. फक्त खलाशी माझ्याशी तुटक बोलत. वाईट नव्हे, तुटक. माझ्या हातात भाताची थाळी देताना माझ्याकडे बघत नसत. कारण कळलं तेव्हा मी सुकाण्यावर चिडलो. म्हटलं, हा अडाणीपणा आहे. मी मॅट्रिक झालेला माणूस आहे. तो म्हणाला, "व्हय, अडाणीपणा. पण तेंका काल जेवताना बघलात?"

मी बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. तांडेल भात कालवत होते, बोटं चाटत होते, आणि थाळी जशीच्या तशी होती. मी त्यांच्या कपाळाला हात लावला. चुलीवरचा तवा बरा.

कच्छी व्यापारी पुन्हा आला. या वेळी मस्कतला जाणारं गलबत दुसऱ्याच दिवशी निघत होतं. तांडेलांनी डॉक्टरकडे जावं म्हणून मी हात जोडले, आरडाओरडा केला, शेठच्या नावानं हुकूमसुद्धा सोडला. त्यांनी ऐकून घेतलं.

"वैशाख लागलो, झिला. पावसाआधी पोचाक नाय तर दर्यो बंद. मगे नारळी पुनवेपर्यंत ही सात जणां हयसर काय खातली? घाय करा. उद्याच्या भरतीर निघूया."

'घाय करा'. त्यांच्या तोंडून हे शब्द आल्यावर खलाशांनी कामं थांबवून एकमेकांकडे पाहिलं.

निघालो. गलबत कोरडं होतं, एक थेंब आत येत नव्हता. तांडेल सुकाणूशेजारी घोंगडीवर पडून वाट सांगत. डोळे मिटलेले, पण वारा गालावर कुठून लागतो यावरून शीड केवढं सोडायचं ते बिनचूक सांगत. सहाव्या दिवशी मी धीर करून म्हटलं, "तांडेलानू, मी शुद्धीवर नव्हतो. मला माहीत नव्हतं मी कशाला होकार देतो ते."

"तू काय केलंस?" ते म्हणाले. "मागणा माझा. कोणीतरी व्हय म्हणाक होया होता. ही सगळी भियाली, तू नाय भियालंस."

भ्यायला मला शुद्ध कुठे होती? पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. मी त्यांचे पाय चेपत बसलो. वाकडे पाय, सरळ होईनात.

पुढे काही वर्षांनी एका ओळखीच्या डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, विषमज्वर. तुमच्या उष्ट्या भांड्यातून त्यांना झाला, गाऱ्हाण्याचा संबंध नाही. त्यांनी माझी समजूत काढण्यासाठीच सांगितलं. मी आभार मानून बाहेर आलो. गाऱ्हाणं नाही तर भांडं; दोन्हीकडून तोंड माझंच.

निघाल्यापासून नवव्या दिवशी सकाळी तांडेलांनी वाट सांगितली नाही. सुकाण्यानं दोनदा विचारलं. दुपारी जुन्या शिडात गुंडाळून, वजनासाठी बुडात ठेवलेला दगड बांधून, आम्ही त्यांना समुद्राच्या स्वाधीन केलं. मुलगा, नातेवाईक, कुणी जवळ नव्हतं. पाणी मी सोडलं.

मालवणला पोचलो तेव्हा किल्ल्यावर स्वच्छ ऊन होतं. किनाऱ्यावर माणसं जमली होती, गलबत ओळखून हात हलवत होती. आमची होडी लहान. चार-चार जण करून उतरायला लागलो. परदेशातून आलेल्या गलबताचा तांडेल सगळ्यांत शेवटी उतरतो, हा आमच्याकडचा रिवाज. त्यामुळे पहिली खेप आली, तांडेल नाहीत. कुणाला काही वाटलं नाही. खलाशी मान खाली घालून आपापल्या घरच्यांत मिसळले. सांगायचं कुणी? तुमी शिकलेले, तुमी सांगा, असं वाटेतच ठरलं होतं.

दुसऱ्या खेपेला मी होतो. माझ्यानंतर कुणी नव्हतं.

तांडेलांची बायको पाण्याच्या कडेला उभी होती. नवं लुगडं, डोक्यात अबोलीचा वळेसर. मला बघून तिला खरंच आनंद झाला.

"भाऊनू, किती सुकलास! बरे आसास मां?" ती म्हणाली. "जेवल्याशिवाय जाव नको. तेंका उतरांदे, मगे सगळीच घराकडे जावया."

जिवंत असल्याची एवढी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. ती माझ्या खांद्यावरून मागे गलबताकडे बघायला लागली. रिकामं गलबत तिला दिसू नये म्हणून मी एक पाऊल डावीकडे सरकलो. तीही सरकली.