आईंचा आवाज आणि बिस्किटचे दात

आमच्या सासूबाईंचा आवाज आधी येतो आणि मागून त्या येतात. त्यांचं नाव सावित्री. मसुऱ्याच्या बाजारातून त्या निघाल्या की वाडीत कळतं आणि मी चहाचं आधण ठेवते. यात माझी पदरची भर अजिबात नाही, हवं तर शेजारच्या अपेक्षाला विचारा. आमच्या घरात काय भाजी शिजतेय हे तिला आमच्याआधी ठाऊक असतं.

हा आवाज त्यांनी जन्मतः आणलेला नाही. माझे सासरे, गणपतबाबा, तीस वर्षं चिरेखाणीवर होते. चिरे कापायच्या यंत्रापाशी उभं राहून राहून त्यांचे कान हळूहळू गेले. बाबांचे कान दर वर्षी थोडे उतरत गेले, तसा आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, आवाज दर वर्षी थोडा चढवला. कानाचं मशीन आणून तीन वर्षं झाली. ते कपाटात आहे. "माका सगळा ऐकाक येता," असं बाबा म्हणतात, आणि आईंचं ऐकू येतं हे खरंच आहे. त्यांचं कोणाला येत नाही?

मला हे समजायला वेळ लागला. आम्ही ठाण्याला राहायचो, गणपतीला आठ दिवस यायचो. "दीपिका, चाय घी!" असं मागून आलं की माझ्या हातातलं भांडं पडायचं. आपलं काहीतरी चुकलंय असंच वाटायचं. गेल्या दिवाळीत आम्ही कायमचे इकडे आलो. नवऱ्याला, सुशांतला, गोव्यात विमानतळावर नोकरी लागली. तो आठवडाभर तिकडे असतो आणि रविवारी बांद्याला गाडी बदलून घरी येतो. मला मालवणात दातांच्या डॉक्टरांकडे काउंटरवरचं काम मिळालं, सकाळपुरतं. आमची तन्वी आठ वर्षांची. शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या, तिला काहीच मिळालं नाही. मिळाला तो बिस्किट.

बिस्किट हा हॅमस्टर. मुठीत मावेल एवढा, भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचा, गालात दाणे कोंबून बसणारा. ठाण्याहून निघताना तिथल्या शेजारच्या मैत्रिणीने तन्वीच्या हातात पिंजराच ठेवला होता. ठाण्यात तो कधी कोणाला चावला नव्हता. इथे आला आणि आठवड्याभरात चावायला लागला. सगळ्यात जास्त आईंना, कारण पिंजरा साफ करण्याचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. नात आपल्याजवळ बसत नाही, विचारलं तर मान हलवते आणि माझ्या मागे लपते, हे त्यांना दिसत होतं. नातीचा लाडका आपला झाला की नात आपोआप येईल, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

त्यांनी उपाय काही कमी केले नाहीत. पहिल्यांदा मीठ, मोहरी आणि मिरच्या घेऊन त्याची दृष्ट काढली. मिरच्यांचा धूर झाला, बिस्किट शिंकला, आम्ही सगळेच शिंकलो. मग बाबांचे खाणीवरचे हातमोजे घालून त्याला उचलायला गेल्या. तो मोज्यालाही चावला. मग ओल्या काजूचा तुकडा बोटावर ठेवून, पिंजऱ्यात तोंड घालून, शेळीला हाक मारावी तशी हाक मारली, "ये रे सोन्या! ये माझ्या राजा! खा!" राजाने काजू सोडला आणि बोट धरलं.

"ह्यो काय माणूस आसा?" त्या बोट झटकत ओरडल्या. मी म्हटलं, "नाही आई, हॅमस्टर आहे." त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी कपडे वाळत घालायला निघून गेले.

आता माझं पाप सांगते. मी मोबाइलवर शोधलं होतं. चावणाऱ्या हॅमस्टरला कसं माणसाळवायचं हे तिथे नीट लिहिलेलं होतं. हात धुवून जा, बोटांना खाण्याचा वास नको, वरून झडप घालू नका, तळहात खाली पसरा आणि त्याला स्वतःहून येऊ द्या. हे सगळं मी आईंना वाचून दाखवलं. पहिल्याच ओळीत आणखी एक गोष्ट होती: मोठ्या आवाजाने तो घाबरतो, घाबरला की चावतो, त्याच्याजवळ हळू बोला. ती ओळ मी गाळली. सासूला "हळू बोला" कसं सांगायचं? एरवी माझी जीभ कुठे अडत नाही, दवाखान्यात तर भल्याभल्यांना रांगेत उभं करते. पण ही ओळ घशातून बाहेर येईना. त्या बिचाऱ्या हात धुऊन धुऊन थकल्या आणि चावून घेत राहिल्या.

मग एका रविवारी आई मागून "तन्वी, दूध पी!" म्हणून ओरडल्या, त्या वेळी बिस्किट तन्वीच्या हातात होता. त्याने दचकून तिचंच बोट फोडलं. रक्त, रडारड, इंजेक्शन, सगळं झालं. सुशांतचं डोकं फिरलं. म्हणाला, "पुढच्या रविवारी हेका खोक्यात घालून कुडाळाक नेतंय. माझो मित्र पाखरां पाळता, तो बघीत."

तन्वीने रडणं थांबवलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, "तो गेला तर मीपण ठाण्याला जाणार. मला इथे राहायचंच नाहीये." आठ वर्षांच्या मुलीचं बोलणं कोण मनावर घेतं? आईंनी घेतलं. त्या रात्री जेवल्या नाहीत.

त्याच आठवड्यात मंगळवारी आमच्या वाडीतल्या देवीची जत्रा होती. आंगणेवाडीच्या भराडीदेवीचा मान मोठा, तिकडे लाखांनी माणसं लोटतात. आमची देवी लहान आणि जत्राही लहान, पण नियम कडक. नैवेद्य घरातल्या थोरल्या बाईने रांधायचा, आणि अबोल राहून. आंघोळ करून चूल पेटवली की ताट देवळात पोचेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. निघाला तर रांधलेलं सगळं बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून. आईंनी पस्तीस वर्षांत एकदाही नियम मोडलेला नाही. वर्षातला तो एकच दिवस आमची वाडी एवढी शांत असते की माडावरून नारळ पडलेला ऐकू येतो.

त्या दिवशी दुपारी त्यांनी चूल पेटवली. भात, वरण, वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर. पाचला सगळं झाकून स्वयंपाकघराला कडी लावली आणि देवळातून ढोल वाजायची वाट बघत पडवीत बसल्या. मी बाजूला फुलं निवडत होते. तन्वी पिंजऱ्यात पाणी ठेवत होती. दार उघडं राहिलं आणि बिस्किट टुणकन बाहेर.

तो पडवीतून सरळ पायरीकडे धावला. पायरीवर अपेक्षाची मांजर बसली होती. मांजरीने मान वळवली. तन्वीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. आणि आई, ज्या एरवी "गो, धर गो तेका!" म्हणून सगळी वाडी गोळा करतील, त्या बोलू शकत नव्हत्या. त्यांनी डाव्या हाताने चप्पल मांजरीकडे भिरकावली आणि उजवा हात जमिनीवर पालथा न ठेवता उताणा पसरला. नुसता पसरला. बिस्किट थांबला. त्याने बोटं हुंगली, मागे वळून पाहिलं, आणि चढला. तळहाताच्या मधोमध बसून मिशा पुसायला लागला.

आईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, पण ओठ मिटलेले. त्यांनी त्याला पिंजऱ्यात सोडलं, पुन्हा आंघोळ केली, लुगडं बदललं आणि ढोल वाजल्यावर ताट डोक्यावर घेऊन निघाल्या. देवळातून परत येताना मात्र वळणापासूनच आवाज आला, "दीपिका! चावलो नाय गो! चावलो नाय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मोठ्या हौसेने पिंजऱ्याजवळ गेल्या. "काय रे, ओळखलंस मां माका?" असं दणकून विचारलं आणि हात घातला. कडकडून चावला.

त्या तिथेच खाली बसल्या. बोटाकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघून, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, इतक्या हळू बोलल्या की मला जवळ जावं लागलं. "माझो आवाज, काय गो? तो माझ्या आवाजाक भिता?"

मी हो म्हटलं. मोबाइलमधली ओळ गाळली होती तेही सांगून टाकलं. वाटलं, आता छप्पर उडणार. त्या एवढंच म्हणाल्या, "माका सांगूचा होता." मग, "तन्वी पण भिता?" मी त्यांच्या बोटाला हळद लावायला घेतली. मला भयंकर लाज वाटली, इतकी की दवाखान्यात त्या दिवशी दोन जणांना मी चुकीची वेळ दिली.

बुधवारपासून शनिवारपर्यंत आमच्या घरात जत्रेच्या दिवसाचा न बोलण्याचा नियमच चालू होता म्हणा ना. रोज दिवेलागणीच्या आधी, बिस्किट झोपेतून उठायच्या वेळी, आई हात धुऊन पिंजऱ्याशी बसत आणि तळहात आत पसरून ठेवत. बोलणं नाही. बुधवारी तो आलाच नाही. गुरुवारी हुंगून परत गेला. आईंचा हात अवघडला, तरी त्यांनी काढला नाही. शुक्रवारी हातावरचा सूर्यफुलाचा दाणा घेऊन पळाला. शनिवारी तिथेच बसून खाल्ला. तोवर तन्वी पिंजऱ्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसायला लागली होती. दोघी एकमेकींना खुणा करत. इतर वेळीही आई हळूच बोलत. कुजबुजत हाक मारत, कुजबुजत कोंबड्या हाकलत. अपेक्षा कुंपणावरून विचारून गेली, "काकी आजारी आसत काय गो?"

रविवारी सुशांत आला, बगलेत रिकामं खोकं. मी ओठांवर बोट ठेवून त्याला पडवीत नेलं. आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. तन्वी त्यांच्या मांडीला मांडी लावून, आणि बिस्किट आईंच्या तळहातावर गाल फुगवून बसलेला. सुशांतने हळूच बोट पुढे केलं. बिस्किटने हुंगलं आणि सोडून दिलं. सुशांत माझ्याकडे बघून हसला आणि खोकं मागच्या दारी न्हाणीच्या चुलीपाशी टाकून आला. माझ्या छातीवरचा आठवड्याभराचा दगड उतरला.

एवढ्यात बाबा आत आले. कधी नव्हे ते त्यांचा चेहरा उतरलेला. दारातच थांबले, आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि आईंना म्हणाले, "गो, चार दिस झाले, तुझो आवाज ऐकाक येणा नाय. तोंड हलताना दिसता, पण ऐकाक काय येणा नाय. माझे कान पुरेच गेले." त्यांच्या हातात कपाटातल्या मशीनचा डबा होता, तीन वर्षांपूर्वीच्याच सेलसकट. "ह्या लावन बघलंय. ह्येतूनसुद्धा येणा नाय."

चार दिवस हा माणूस एकटाच घाबरून बसला होता आणि आमच्यापैकी कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आईंनी तन्वीची ओंजळ आपल्या हाताशी लावली. बिस्किट एका हातावरून दुसऱ्या हातावर गेला, जसा काही रोजचाच रस्ता. तो चावला नाही. मग आई उठल्या, बाबांच्या दंडाला धरून त्यांना खळ्याच्या, म्हणजे पुढच्या अंगणाच्याही पलीकडे, थेट विहिरीपर्यंत घेऊन गेल्या. तिथून आला तो जुना, सगळ्या वाडीला पुरेल असा आवाज.

"अवो! चाय घेतलास काय?"

कुंपणापलीकडे अपेक्षाची मांजर पळाली. पडवीत बिस्किटने कान टवकारले आणि तन्वीच्या ओंजळीत पुन्हा दाणा कुरतडायला लागला.

"ऐकलंय गो, ऐकलंय!" बाबा वैतागून ओरडले. "बोंबलतस कित्याक?" पण ते हसत होते, आणि डोळे पुसायला त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला होता.