राणी आखाजीला माहेरी गेली होती का?

लग्न होऊन मी तळोद्याला आले तेव्हा घरात एक राजा आणि एक राणी आधीपासूनच राहायला होते. रोज संध्याकाळी आठ वाजता ते टीव्हीत यायचे आणि साडेआठपर्यंत त्या घरात कुणी कुणाचं ऐकत नसे. भाकरी त्याआधी उरकायच्या, विरजण त्यानंतर लावायचं. मालिकेचं नाव सांगत नाही. एक तर अशा मालिका सगळ्या सारख्याच, आणि दुसरं म्हणजे माझ्या सासूबाई धडधाकट आहेत आणि हे कुणाकडून तरी वाचून घेतीलच.

सासरे शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. अख्ख्या गल्लीत अहिराणी चालते, पण सासरे घरातसुद्धा पाठ्यपुस्तकातलं मराठी बोलत. भाजीवाल्याला "वांगी कशी दिलीत?" असं विचारत आणि तो भाव वाढवून सांगे. शाळा सुटली तरी त्यांचा तास काही सुटला नव्हता, आणि समोर वर्ग उरला होता तो आमचा. सासूबाई, मी आणि माझा नवरा.

मालिका सुरू झाली की सासरे खुर्ची पुढे ओढत.

"राणीच्या चोळीला चेन आहे. मागे. दिसली?"

दिसली होती, पण सासूबाईंसमोर मी हो म्हणू शकत नव्हते.

"आणि या मुदपाकखान्यात लाल मिरच्या टांगल्यात. मिरची तेव्हा या देशात पोचलीच नव्हती."

"मंग त्या काय गोडं वरण खायेत का?" सासूबाई टीव्हीवरची नजर न काढता म्हणत.

"मिरी खात. आणि हा घोडा बघ. कपाळावर पांढरा ठिपका. हाच घोडा कालपर्यंत शत्रूकडे होता."

घोड्याच्या बाबतीत सासरे बरोबर होते. तो घोडा पुढे एका तिसऱ्या राजानंही वापरला.

पण सासऱ्यांचा खरा राग चोळीवर किंवा मिरचीवर नव्हता. तो होता प्रेमावर. राजा-राणी सज्जात उभे राहिले, वारा सुटला, बासरी वाजली की ते अस्वस्थ होत. "राजा वर्षातले आठ महिने मोहिमेवर असे," ते म्हणत. "उरलेल्या चारांत वसुली, न्यायनिवाडा, आजारपण. हे सज्जात उभं राहणं कधी व्हायचं? कोणत्या कागदात आहे?"

"मंग पोरे काय टपालमा उनात?" सासूबाईंनी एकदा विचारलं.

त्या दिवशी सासऱ्यांनी खुर्ची मागे ओढली. नवऱ्याला ठसका लागला म्हणून मी पाणी आणायला उठले आणि स्वयंपाकघरात तोंडावर पदर दाबून हसले. सासरी मी अशी पहिल्यांदाच हसले.

नवऱ्याची ओळख राहिलीच. त्याचं बसस्टँडकडे मोटार रिवायंडिंगचं दुकान. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळल्या की लोक त्याच्याकडे आणतात आणि तो आतली जळकी तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळतो, वर वार्निश चढवतो. दिवसभर बारीक तार मोजत बसणारा माणूस बोलण्यातही फार तार सोडत नाही. "जेवनी का?" आणि "दुकान जाय ऱ्हायनू" एवढ्यावर आमचे पहिले काही महिने गेले. माणूस वाईट नव्हता. माझ्यासाठी चौकातून कुल्फी आणायचा, ती वाटेत वितळायची, आणि तो काही न बोलता पातेल्यात ओतून द्यायचा.

मालिका बघताना तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसे, त्यामुळे तो एक ठसका सोडला तर त्याच्या कानावर काही पडत असेल असं मला कधी वाटलंच नाही.

चैत्र सरत आला आणि माझ्या मनात आखाजी वाजायला लागली. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. दिवाळीला एखादी लेक माहेरी आली नाही तर चालतं, पण आखाजीला आली नाही तर गाव विचारतं. निंबाला झोके बांधायचे, आमरस-पुरणपोळी खायची, दुपारभर गाणी म्हणायची आणि त्या गाण्यांत सासूला यथेच्छ नावं ठेवायची. आणि माझी तर पहिली आखाजी. पहिल्या आखाजीला माहेरचा माणूस न्यायला येतो, त्याला मुराळी म्हणतात. माझे वडील (त्यांना मी दादा म्हणते) खांडबाऱ्याहून येणार हे ठरलेलंच होतं.

तरी नव्या सुनेनं "मला जायचंय" असं म्हणायचं नसतं. मुराळ्यानं विचारायचं, सासूनं "नेवा ना" म्हणायचं आणि सुनेनं खाली मान घालून पिशवी उचलायची. पिशवी मी पंधरवडाभर आधीच भरून पलंगाखाली सरकवली होती. घराची इतकी आठवण यायची की बाजारात कुणी माझ्या माहेरच्या, नवापूरकडच्या बोलीत दर विचारला तरी मी थांबून ऐकत राहायचे.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मालिकेतल्या राणीचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला.

पालखी निघाली. राणीनं सासूच्या पाया पडून पडदा सोडला. एवढ्यात राजा घोड्यावरून (तोच घोडा) दौडत आला, पालखीसमोर उडी मारून उभा राहिला आणि म्हणाला, "राणीसाहेब, आपण गेलात तर हा महाल उरेल, घर उरणार नाही." बासरी सुरू झाली. भोयांनी पालखी खाली ठेवली. राणी हसली आणि भाऊ रिकाम्या हातानं परत गेला.

सासूबाई ढसाढसा रडल्या. "असा मानूस भेटाले नशीब लागस," म्हणाल्या आणि सासऱ्यांकडे एक नजर टाकली.

"पुरावा काय?" सासरे म्हणाले.

डोळे माझेही भरले. पण मी राजासाठी रडत नव्हते. ती पालखी जमिनीवर टेकली ना, ते मला बघवेना. त्या राणीचं आता कसं व्हायचं, एवढंच मनात येत होतं. सासऱ्यांच्या इतिहासात राण्या फक्त लग्न करायला आणि सती जायला येत होत्या, सासूबाईंच्या राणीला सज्जा होता पण माहेर नव्हतं, आणि मला दोघांचाही राग आला.

नवऱ्यानं मात्र तेवढ्यात मोबाइलमधून डोकं वर काढलं होतं. त्यानं आई रडताना पाहिली, बायको रडताना पाहिली आणि त्याच्या डोक्यात काहीतरी पक्कं बसलं. बायकांना काय आवडतं हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आज ते पडद्यावर आयतं मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानातून माझ्या वडिलांना फोन केला. हे आम्हाला नंतर कळलं. तो म्हणाला, "मामा, आपण येऊ नये. त्या गेल्या तर हे घर उरणार नाही."

आता खांडबाऱ्याला बसलेल्या माझ्या बापाच्या बाजूनं विचार करा. ज्या जावयानं लग्नापासून फोनवर "हा मामा, नही मामा" याच्यापलीकडे एक शब्द काढला नाही, तो अचानक शुद्ध मराठीत बोलतो. बायकोला "त्या" म्हणतो. आणि पहिल्या आखाजीला पोर धाडत नाही म्हणतो. आमच्याकडे पहिल्या आखाजीला पोर अडवून ठेवण्याचा अर्थ एकच असतो. भांडण झालं आहे, आणि ते साधंसुधं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर पाणी मारत होते तेव्हा दारात जीप थांबली. आधी वडील उतरले, मग काका, मग आमचं लग्न जुळवणारे मध्यस्थ. तिघांच्या डोक्यावर टोप्या, तिघांचे चेहरे ओढलेले. माझ्याकडे बघून वडिलांनी आधी माझे हात पाहिले, मग तोंड पाहिलं. कुठे मारल्याची खूण आहे का ते बघत होते. हे आठवलं की अजून मला गलबलून येतं.

सासूबाई हसत पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. तिघांपैकी एकानंही तांब्याला हात लावला नाही.

"व्याहीबोवा," वडील उभ्याउभ्याच सासऱ्यांना म्हणाले, "पोरनं काय चुकनं ते सांगा. मंग पानी."

सासऱ्यांना काही कळेना. सासूबाईंना काही कळेना. मला तर मुळीच कळेना. मध्यस्थांनी फोनचं सांगितलं तेव्हा सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि शेजारच्या पोराला दुकानावर पिटाळलं.

नवरा आला तो हाताला वार्निश आणि खिशातून तांब्याची तार लोंबत. माझ्या वडिलांना बघून त्याचा चेहरा आधी खुलला, मग उतरला.

"काय म्हनात तुम्ही फोनवर? परत सांगा," काका म्हणाले.

त्याला ते वाक्य सगळ्यांसमोर पुन्हा म्हणावं लागलं. बासरीशिवाय, घोड्याशिवाय, भर सकाळी. "त्या गेल्या तर," तो म्हणाला आणि घसा खाकरला, "हे घर... उरणार नाही."

 मग सासूबाईंना एकदम उलगडा झाला.

"आरे! ते तं टीव्हीमाधलं शे!"

"तू रडनी ना," नवरा पुटपुटला. "ही बी रडनी. मी तं चांगलंच सांगं व्हतं."

"आरे, तो टीव्हीना राजा शे! त्याले ना गल्ली, ना शेजार. त्याले कोन ईचारस? तू दुकानमा बसशी, गावमा तोंड माले दखाडनं पडी! पहिली आखाजीले पोर नही धाडी म्हनतीन!" परवा ज्या पदरानं डोळे पुसले त्याच पदरानं आज त्या घाम पुसत होत्या. असा माणूस भेटायला नशीब लागतं हे त्या साफ विसरल्या होत्या.

वडील टोपी काढून बसले. मध्यस्थ मात्र मध्यस्थच. त्यांना निवाडा केल्याशिवाय उठवत नाही. ते सासऱ्यांकडे वळले. "मास्तर, तुम्ही सांगा. पह्यले राजा लोके राणीले आखाजीले धाडेत का नही?"

इतक्या वर्षांत त्या घरात सासऱ्यांना कुणी आपणहून इतिहास विचारला नव्हता. ते खुर्चीत ताठ झाले. आता आठ महिन्यांची मोहीम निघणार असं मला वाटलं. 

"कागदात नाही," ते म्हणाले. "हत्ती किती दिले ते आहे. घोडे किती मेले ते आहे. राणी माहेरी गेली की नाही, तिला जायचं होतं की नाही, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मला माहीत नाही."

त्यांच्या तोंडून "मला माहीत नाही" हे सासूबाईंनीसुद्धा पहिल्यांदाच ऐकलं असावं.

मग ते माझ्याकडे वळले. "सूनबाई, तुला काय वाटतं ते सांग. निदान या घरात तरी नोंद राहू दे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पायाखालची फरशी ओली होती. मी खाली मान घालून पिशवी उचलायची इतकी तयारी केली होती, बोलायची केलीच नव्हती.

"माले जानं शे," मी म्हटलं.

आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. सासूबाई लगेच "मंग! जाशीच ना!" म्हणत आत गेल्या आणि सांजोऱ्यांचा डबा भरायला लागल्या, म्हणजे त्या कधीपासून करून ठेवलेल्या होत्या. वडिलांनी तांब्या उचलला आणि सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं.

नवरा तेवढा दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. पिशवी त्यानंच जीपमध्ये ठेवली. मी मागच्या बाजूला बसले, वडील आणि काका पुढे बसले, ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. तेव्हा तो खिडकीजवळ आला आणि कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी खाली वाकला.

"लवकर येजो," तो म्हणाला. "तुन्हाबिगर मन्हं मन लागाव नही."

एवढंच. वार्निशचा वास येत होता. मी काही उत्तर देण्याआधी तो दुकानाच्या दिशेनं चालायलाही लागला होता, मागे न बघता, भराभरा. लग्नाला इतके महिने झाले होते आणि त्या क्षणी मला तो माणूस आवडला. मनापासून आवडला.

तापीचा पूल आला तेव्हा मी रडत होते. हुंदके आवरत नव्हते. वडिलांनी मागे वळून बघितलं आणि त्यांचा चेहरा पुन्हा सकाळसारखा झाला.

"खरं सांग," ते म्हणाले. "तरास देतस का?"

"नही, दादा. चांगला शेतस. म्हनीसन रडी ऱ्हायनी."

वडिलांनी काकांकडे पाहिलं. काकांनी खांदे उडवले. वडील म्हणाले, "मंग परत सोडी येवू का?"

"नही!" मी नाक पुसत ओरडले. "पह्यले आखाजी!"