लिफ्टवाले साहेब आणि त्यांचा कवी

आमचे साहेब लिफ्टचे इंजिनीअर, पण स्वतः चढायचे जिन्याने. जुमेरा लेक टॉवर्समधल्या चाळीस मजली इमारतीत दर मजल्यावर थांबून ते लिफ्टच्या दाराला कान लावायचे. मागे मी, हत्यारांची पिशवी घेऊन धापा टाकत. मग ते मिशीत हसायचे, "हमारा कवी इटली तक पैदल गया. तुम बीस माला नहीं जाता?"

साहेब चेक देशाचे. दुबईत वीस वर्षं राहून हिंदी मोडकंच, पण एकोणिसाव्या शतकातल्या त्या कवीचा विषय निघाला की गडी खुलायचा. त्याची मोठी कविता छापून आली तेव्हा जाणत्यांनी नाकं मुरडली म्हणे, देशाच्या काय कामाची! लग्नाची तारीख ठरली होती, आणि नेमक्या त्याच दिवशी त्याला पुरलं. सव्विशीही पुरी झाली नव्हती. आता त्यांच्याकडे शाळेतली पोरं तीच कविता पाठ करतात.

माझी शाळा नववीतच सुटली. कामाची नोंदवही भरायची म्हटलं की मी ती दुसऱ्याकडे सरकवायचो. इंग्रजी चुकलं आणि घरी पाठवलं तर? साहेबांनी ते ओळखलं. "कवी भी पहले जर्मन में लिखा. फिर घर का भाषा में लिखा, तब कवी बना. तुम जो सुना, अपना भाषा में लिखो."

एकदा तेविसाव्या मजल्यावर बारीक आवाज आला. मी मराठीत लिहिलं, 'लिफ्ट वर जाताना जात्यात खडा आल्यासारखं वाजतं.' इमारतीचा सुपरवायझर हसला. "हबीबी, ये रिपोर्ट है या चिठ्ठी? यल्ला, चालू करो, लोग चिल्ला रहे हैं." मला वाटलं, खलास, गेली नोकरी. साहेबांनी मला ती ओळ हिंदीत सांगायला लावली, डोळे मिटून ऐकली आणि लिफ्ट बंद ठेवली. उघडून पाहिलं तर केबिन रुळावर धरणाऱ्या एका चाकाला तडा गेला होता.

गेल्या वर्षी साहेब निवृत्त होऊन मायदेशी निघाले. मी म्हणालो, "सर, अब मेरा लिखा कौन सुनेगा?" त्यांनी माझी वही हातात घेतली. मग म्हणाले, "उस दिन तुम बहुत अच्छा लिखा. कवी को टाइम पे ये कोई नहीं बोला. मैं तुमको बोलता है."

नवे साहेब आले त्या सकाळी वही घेऊन मी आपणहून त्यांच्या टेबलापाशी गेलो. म्हणालो, "सर, मराठी में लिखा है. दो मिनट दीजिए, मैं पढ़ के सुनाता हूँ."