दादाची कंबर आणि माझा पाय

मी पायाळू. म्हणजे जन्माला येताना माझे पाय आधी बाहेर आले, डोकं मागून. अशा माणसाला जमिनीतलं गुप्तधन दिसतं म्हणतात. मला चष्म्याशिवाय सुईचं नेढं दिसत नाही. पण उसण भरलेल्या कमरेला पायाळूने पाय लावला की उसण उतरते, हा समज आमच्याकडे पक्का आहे, आणि त्यापायी माझ्या पायाला लहानपणापासून सुट्टी नाही. माहेरी, पेणजवळ जोह्याला, भाताची लावणी आटोपली की बाया कमरेला हात लावून दारात यायच्या. लग्न होऊन रोह्याला आले, तर धाटावच्या कंपनीतली माणसं शिफ्ट सुटली की मोटारसायकली अंगणात लावून उभी. त्यांनी पालथं झोपायचं, मी कमरेवर टाच टेकवून खाली बसायच्या जागेपर्यंत दाबत न्यायची. माणूस वयाने मोठं असेल तर नंतर त्याच्या पाया पडायचं, कारण पाय लागलेला असतो.

माणसं बरी व्हायची, खोटं कशाला बोलू. पण का बरी व्हायची, ते माझीच कंबर धरली तेव्हा कळलं. धुण्याची बादली उचलताना अशी कळ आली की मी आडवी झाले आणि आठवडाभर उठलेच नाही. पायाळूला पाय कोण लावणार? शेवटी नवऱ्याने रोह्यातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या माझ्यावर खेकसल्याच. "झोपून राहायला कोणी सांगितलं तुम्हाला? झोपल्याने कंबर आणखी आखडते. शेक घ्या, दुखलं तर गोळी घ्या, पण उठा, घरातल्या घरात तरी चाला. वजन उचलताना गुडघ्यात वाका आणि ते अंगाजवळ धरा. बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत आपोआप सुटते."

मग त्यांनी भलतेच प्रश्न विचारले. दोन्ही पायांत मुंग्या येतात का? बसायची जागा बधिर झालीय का? लघवी अडते का, की नकळत होते? मी लाजून पदर तोंडाला लावला. लघवीचा आणि कमरेचा काय संबंध, असं मनात म्हटलं. त्यांना ते कळलं असावं. "यातलं काहीही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही," त्या म्हणाल्या. "मणक्यांमधली गादी सरकून नसा दाबते. वेळ गेली की गेलेलं परत येत नाही."

मला तसलं काही नव्हतं. चालायला लागले आणि सुटले. तेव्हाच उमगलं, माझ्या पायातही जादूबिदू नव्हती. पाय लावला की माणसाची भीती जायची, तो उठून चालत घरी जायचा, आणि राहिलेलं काम दिवस करायचे. हे मी कोणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

जोह्याला माझ्या थोरल्या भावाचा गणपतींचा कारखाना आहे. गेल्या आषाढात, ऐन हंगामात, त्याने एक मोठी मूर्ती एकट्याने उचलून फळीवर ठेवली. कमरेत चमक भरली, पण हंगामात कोण बसतो? पट्टा बांधून काम केलं. मग कळ पायात उतरली, आधी एका, नंतर दोन्ही. तेव्हा त्याचा फोन आला. "बाय, येऊन पाय लाव गो. गणपती डोक्यावर आलेत." मी विचारलं, "कसं वाटतंय?" म्हणाला, "हाय तसंच." त्याच्या आवाजात मला काही वावगं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पेणला उतरले आणि रिक्षा केली.

दादा कारखान्यातच चटईवर पालथा पडला होता. भोवती पांढरे, रंग न लागलेले गणपती. डोळ्यांची आखणी तो स्वतः करतो, त्यामुळे एकाही मूर्तीला डोळे नव्हते. वहिनी चहाचे कप घेऊन आली, तर तो नको म्हणाला. "कालपासून पाणी पन घेत नायत," वहिनी म्हणाली. "विचारलं तर वसकन अंगावर येतात."

कारागीर कामं सोडून बघायला जमले. मी पदर खोचला, कमरेवर टाच टेकवली. तो कण्हला. टाच हळूहळू खाली नेली, बसायच्या जागेवर आणली आणि नेहमीसारखा भार दिला. आता दादा कण्हलाही नाही. क्षणभराने म्हणाला, "लाव ना गो पाय. थांबलीस कशाला?"

"लावलाय," मी म्हटलं.

"कुठं?"

खाली बसले आणि लुंगीवरूनच जोरात चिमटा काढला. त्याला पत्ताच नाही. मांडीला आतून काढला, तरी नाही. डॉक्टरीणबाईंचा एकेक प्रश्न माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी सरळ विचारलं, "दादा, लघवी कधी झाली तुला?"

कारागीर एकमेकांकडे बघायला लागले. दादाने तोंड भिंतीकडे फिरवलं. "बायमान्साने काय इचारायचं ते कळत नाय तुला? पाय लाव नायतर घरी जा."

"कधी झाली?" मी ओरडलेच.

वहिनीने त्याला कुशीवर वळवलं तेव्हा दिसलं, ओटीपोट भरल्या माठासारखं फुगलं होतं. मग दादा पुटपुटला, "काल सकाळी. त्यानंतर येतच नाय." म्हणून पाणी बंद केलं होतं त्याने! जायला नको आणि कोणाला सांगायला नको.

एक म्हातारा कारागीर म्हणाला, "आता पाय लागलाय, सांजपर्यंत वाट बघूया. आज अवस हाय, ती सरली की उसण उतरंल." मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. मूर्ती भरलेला टेम्पो बाहेर उभा होता. तो रिकामा करायला लावला आणि मूर्तींखालचा पेंढा तसाच ठेवून त्यावर दादाला घातला. पेणच्या दवाखान्यात नळी घालून लघवी काढली आणि लगेच पनवेलकडे पाठवलं. वाटेत खड्डा आला की मी दादाच्या तोंडाकडे बघायची. प्रत्येक धक्क्याला तो कळवळायचा, आणि मला बरं वाटायचं, की निदान इतकं तरी कळतंय. सख्ख्या भावाच्या कळवळण्याने बरं वाटावं अशी वेळ वैऱ्यावर येऊ नये.

त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "पाय बहुतेक येतील. बाकीचं आज सांगता येणार नाही. लघवी अडली तेव्हाच आणलं असतं तर जास्त आशा होती." मला वहिनीचा राग आला, दादाचा आला, त्या म्हाताऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या मेल्या लाजेचा आला. एवढा धडधाकट माणूस मोठमोठ्या मूर्ती उचलतो आणि एवढंसं वाक्य त्याला उचलवत नाही!

पाय आले. आता तो चालतो, डावं पाऊल थोडं घासतं. लघवी मात्र आली नाही. ठरल्या वेळेला स्वतः नळी घालून काढावी लागते. पुढे येईलही, नाहीही, असं डॉक्टर म्हणतात.

माझ्याकडे माणसं अजून येतात. मी आधी ते भलते प्रश्न विचारते. मुंग्या आणि बधिरपणा ऐकून घेतात, लघवीचं नाव काढलं की पुरुष उठून बायकोकडे बघतात. एकजण तर म्हणाला, "मावशी, पाय लावायचा तर लाव, पंचनामा नको." त्याला तसाच परत पाठवला.

पौषात जोह्याला गेले होते. माघी गणपतींचं काम चालू होतं. दादा उंच स्टुलावर बसून डोळे आखत होता. मी शेजारी बसले आणि मनात होतं ते विचारलं. "त्या दिवशी फोनवर मी लघवीचं विचारलं असतं, तर सांगितलं असतंस?"

त्याने कुंचला पाण्यात बुडवून पुसला.

"तुला? नाय गो, बाय," तो म्हणाला. "मेलो असतो तरी नाय."

तेवढ्यात घरातून वहिनीची हाक आली, अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशी. "अवो, नळीची येळ झाली!" एकाही कारागिराने मान वर केली नाही. दादा स्टुलावरून उतरला आणि पाऊल घाशीत घराकडे गेला.