नवरा म्हणाला, "मी इथे पहिल्यांदाच येतोय"

जपानवासी मंडळी, आत्ताच हॉटेलवर परतलेय. कोणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाहीये.

आम्ही टोकियोतल्या फुनाबोरीहून सुट्टीसाठी दक्षिणेला क्यूशू बेटावर आलोय. आज समुद्रकाठचा जुना किल्ला पाहायला गेलो. स्टेशनबाहेर मी फोनवर नकाशा उघडतेय, तोवर नवरा, निखिल, एका गल्लीत वळलासुद्धा! ती गल्ली थेट किल्ल्याशेजारच्या ब्राँझच्या पुतळ्यापाशी निघाली. कासवावर बसून समुद्रातल्या राजवाड्याकडे निघालेला दंतकथेतला कोळी.

"तुला रस्ता कसा माहीत?"

"अंदाजाने आलो गं."

तेवढ्यात समोरच्या चहाच्या दुकानातली आजी लगबगीने आली आणि त्याला म्हणाली, "किती वर्षांनी आलात! आता झोप लागते ना?"

निखिलचा चेहरा उतरला. माझ्या मनात नको नको ते आलं.

"कोणाबरोबर आला होतास?"

"एकटाच. त्या मोठ्या भूकंपानंतर तू छोट्या मनूला घेऊन पुण्याला माहेरी गेलीस, तेव्हा. धक्के थांबेनात, घरात डोळाच लागेना. मिळेल त्या गाडीने इकडे पळालो. दिवसभर या पुतळ्याखाली बसायचो. आजी जेवायला बोलवायच्या."

"फोनवर तर ऑफिसला जातोय म्हणायचास!"

"तू तुझ्या आईंना कौतुकाने सांगायचीस, निखिल अजिबात घाबरला नाही म्हणून. फोनवर मला मागून ऐकू यायचं."

मला रागही आला आणि रडूही. इतकी वर्षं हा माणूस माझ्या कौतुकाला घाबरत होता.

खरं सांगा, भूकंपानंतरच्या त्या दिवसांत घरून फोन आला की तुम्ही काय सांगत होतात?