ओढ्याकाठचा पक्षी

सुरतेहून आम्ही चौदा जण उत्तराखंडात ट्रेकला गेलो होतो. पक्ष्यांची नावं सांगायचं काम माझ्याकडे. डांगच्या जंगलात बरीच वर्षं फिरलेला म्हणून सगळे मला सर म्हणत. हिमालय मात्र मीही पहिल्यांदाच बघत होतो. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दाट सावलीत, ओढ्यातल्या दगडावर एक पक्षी दिसला. मी फोटो काढला आणि जाहीर केलं, "कस्तूर. काळा, पिवळी चोच."

मागून आमच्यातल्याच, सुरतेतल्या बमरोलीच्या ताई अहिराणीत म्हणाल्या, "भाऊ, हाऊ काया नही शे, निया शे." काळा नाही, निळा आहे.

ताईंचं मॅचिंग सेंटर आहे. साडीला फॉल आणि अस्तर जुळवून देण्यात त्यांची वीस वर्षं गेली. आम्ही दोघंही खानदेशातले. माझ्या घरीही अहिराणीच बोलतात. पण बरोबर गुजराती मंडळी होती. ताईंची बोली ऐकून दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मलाच ओशाळल्यासारखं झालं. मी हिंदीत म्हणालो, "ताई, ये आपकी दुकान का फॉल नहीं है."

हशा पिकला. ताईही कसनुसं हसल्या. पुढचे चार दिवस त्यांनी एकाही पक्ष्याकडे बोट दाखवलं नाही.

घरी आल्यावर तो फोटो कॉम्प्युटरवर उजळवून पाहिला. गडद निळं अंग, त्यावर चमकदार ठिपके. शीळ घालणारा निळा कस्तूर. तिकडे ओढ्याओढ्यावर दिसणारा. मी काय केलं? ट्रेकच्या ग्रुपवर मीच टाकलेली पक्ष्यांची यादी पुसली आणि दुरुस्त करून पुन्हा टाकली. खुलासा एका शब्दाचाही नाही.

आठवडाभर मन खात राहिलं. शेवटी ताईंच्या दुकानात गेलो. त्या कुणाची तरी साडी घेऊन दारातल्या उजेडात उभ्या होत्या. त्यांचंच बरोबर होतं, असं मी त्यांना अहिराणीत सांगितलं.

"माहीत आहे," त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या. "नवी यादी वाचली मी. पण हसले तेव्हा सगळे होते, सर. इथं कोण आहे?"

बाहेर स्कूटरवर बसूनच ग्रुपवर सगळं लिहिलं. मी काय बोललो होतो, तेसुद्धा. ताईंनी काही लिहिलं नाही. बाकीच्यांचे अंगठे आले, टाळ्या आल्या. एकाने लिहिलं, "सरांचा मोठेपणा!"

ते वाचून मी फोन खिशात टाकला. मान वर करून दुकानाकडे बघायची हिंमत झाली नाही.